गाडीचे ब्रेक आणि गॅरेजचा व्यवहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर आणि गणपतीला गावी निघण्याआधी ब्रेकविषयीचे प्रश्न वाढतात. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं खासगी वापराच्या मोटारींसाठी आहेत. ट्रक-बसच्या हवेच्या ब्रेकचं शास्त्र वेगळं असतं. ब्रेकचा निर्णय मोजून घ्यायचा असतो, भीतीने किंवा अंदाजाने नाही. गॅरेजवाल्याने आकडा सांगायला हवा आणि आपण तो विचारायला हवा. बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

१. ब्रेक पॅड किती किलोमीटरला बदलायचे?

किलोमीटरवरून याचं उत्तर निघत नाही. पुण्यात रोज सिंहगड रोडच्या गर्दीत अडकणारी गाडी आणि नागपूर–अमरावती हायवेवर सरळ पळणारी गाडी, दोन्हींचे पॅड सारखे कसे झिजतील? पॅड म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारा तुकडा. त्याची जाडी मोजायची. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. मागची लोखंडी पट्टी त्यात धरायची नाही. थर ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे.

प्रत्येक सर्व्हिसिंगला ही जाडी बिलावर लिहून घ्या. मागच्या वेळी ७ होती, दहा हजार किलोमीटरनंतर ५ झाली, तर पुढचा हिशेब तुम्हीच करू शकता. चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं तर फक्त बाहेरचा पॅड दिसतो. आतला पुष्कळदा जास्त झिजलेला असतो, म्हणून चाक काढूनच बघायला सांगा.

२. पुढे डिस्क, मागे ड्रम आहे. मागचेही ब्रेक उघडावे लागतात का?

हो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढचे ब्रेक जास्त काम करतात आणि मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) खूप टिकतात. टिकतात म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. ड्रम काढल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. लायनरची जाडी, व्हील सिलिंडरमधून (चाकापाशी लायनर ढकलणारा भाग) झिरपणारं ब्रेक ऑइल, गंजलेल्या स्प्रिंगा, हे सगळं आत झाकलेलं असतं. वर्षातून एकदा मागचे ड्रम उघडून घ्यावेत.

उघडताना एक पथ्य पाळायला लावा. आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि आजचीही भुकटी फुप्फुसांत जाणं चांगलं नाही. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने ती काढता येते. गॅरेजमधला पोरगा दिवसभर तीच हवा घेत असतो, त्याच्यासाठीही हे सांगा.

३. ब्रेक दाबला की आवाज येतो. कधी घाबरायचं?

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली आणि मग थांबली तर तो डिस्कवर रात्रीत चढलेला गंज आहे, तो तसाच निघून जातो. दिवसभर येणारी बारीक शिट्टी वेगळी. पुष्कळ पॅडना एक पातळ पत्रा लावलेला असतो. पॅड संपत आला की तो डिस्कला घासून मुद्दाम किंचाळतो. तेव्हा त्याच आठवड्यात गाडी दाखवा.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखा ‘खर्र’ आवाज आला तर पॅड संपलाय आणि आता डिस्क खाल्ली जातेय. गाडी पुढे नेऊ नका. ब्रेक न दाबताही सतत कर्कश आवाज येत असेल, तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असू शकतो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हे नेहमी होतं आणि ते पाच मिनिटांचं काम आहे.

४. ब्रेक ऑइलची पातळी पूर्ण आहे. तरी बदलायचं कशाला?

कारण ते हवेतलं पाणी शोषतं. रबरी पाइपांतून, झाकणाच्या फटीतून ओलावा आत जात राहतो आणि ऑइलचा उत्कलनबिंदू उतरत जातो. नव्या डॉट ३ (टाकीच्या झाकणावर लिहिलेला ऑइलचा दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरल्यावर किमान १४० अंश उरला तरी ते मानकात बसतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा भाग) तापला आणि आतलं ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल सरळ तळाला जातं आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही.

म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत नेमकी मुदत दिलेली असते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यासारख्या दमट हवेत ती मुदत अजिबात ताणू नका.

याच ऑइलबद्दल आणखी काही गोष्टी विचारल्या जातात. पातळी कमी दिसली तर नुसतं भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, नाहीतर कुठेतरी गळती असते. यातलं कोणतं ते आधी शोधा. फोडून महिनोन्‌महिने ठेवलेली बाटली वापरू नका, नवी सीलबंद आणा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो. आणि तिथे इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही ओतू देऊ नका. आतली रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा भाग) सगळं बदलण्याची वेळ येते.

५. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालेल? मग डॉट ५ आणखी चांगलं का?

डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं. उलट करू नका. डॉट ५.१ याच कुळातलं आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या नेहमीच्या गाडीत ते घालायचं नाही. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय ते प्रमाण.

६. घाट उतरताना जळका वास आला. ब्रेक गेले का?

बहुधा गेले नसतील, पण फार तापलेत. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे आणि खोपोली शंभर मीटरच्याही खाली. बाराशे किलोची गाडी एवढं अंतर खाली येते तेव्हा साडेपाचशे मीटर उंचीची सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती पूर्ण ब्रेकने खाल्ली तर सुमारे वीस लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता त्या डिस्क आणि ड्रममध्ये साठते. वाऱ्याने काही निघून जाते, पण पाय सतत ब्रेकवर असेल तर निवायला वेळच मिळत नाही. पॅडची पकड कमी होते आणि जुनं ऑइल असेल तर प्रश्न ४ मधली वाफ तयार होते.

उपाय जुनाच आहे आणि अजूनही सर्वांत चांगला आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक हलका-हलका दाबून ठेवण्याऐवजी वेग वाढला की ठाम दाबा, वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. आंबेनळी, वरंधा, कुंभार्ली, आंबोली या घाटांत वळणं जवळजवळ असतात. तिथे वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. गाडीत पाच माणसं आणि डिकीत तांदळाची पोती असतील तर आणखी एक गिअर खाली ठेवा.

वास किंवा धूर आलाच तर सुरक्षित जागा बघून थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तिला तडा जाऊ शकतो. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. अर्धा तास निवू द्या. निघण्याआधी पेडल दाबून पाहा. घट्ट लागलं तर हळू निघा. वाटेत पेडल मऊ पडलं होतं आणि निवल्यावर पुन्हा नीट लागायला लागलं, तरी घरी आल्यावर ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते उकळलेलं असतं.

७. उतारावर न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे वाचत काही नाही आणि इंजिनचा आधार जातो.

इंजिनच बंद करणं तर जिवावरचं आहे. ब्रेक बूस्टरमधली (पायाचा जोर वाढवणारा भाग) साठलेली ताकद दोन-तीन दाबांत संपते, मग पेडल दगडासारखं कडक होतं. स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली काढली तर लॉकही पडू शकतं. घाटात हे कुणालाही करू देऊ नका, कितीही अनुभवी ड्रायव्हर असो.

८. माझी गाडी ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक आहे. ती घाटात कशी उतरवायची?

ऑटोमॅटिकमध्ये डी वर सोडून देऊ नका. गाडीप्रमाणे एल, २, एस, बी किंवा मॅन्युअल मोड असतो. एएमटीमध्ये (गिअरबॉक्स मॅन्युअलच, पण गिअर आपोआप बदलतात) लिव्हर एम कडे ढकलून गिअर स्वतः खाली घेता येतो. पुस्तिकेतलं ते पान घाटात जाण्याआधी घरीच वाचून ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीत मोटरच गाडीला धरते आणि ती ऊर्जा बॅटरीत जाते. पण बॅटरीत जागा असेल तरच. पाचगणीत रात्रभर चार्ज करून १०० टक्क्यांवर सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात, तर सुरुवातीला हा आधार खूप कमी मिळतो आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ८०–८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. इलेक्ट्रिक गाडीचे पॅड कमी वापरले जातात म्हणून डिस्कवर गंज साचतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर दोन-चार ठाम ब्रेक मारत जा. ब्रेक ऑइलची मुदत तिलाही लागू आहे.

९. पेडल नेहमीसारखं लागत नाही. कशामुळे?

कसं वेगळं लागतं यावर उत्तर अवलंबून आहे.

मऊ लागतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येतं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागचे लायनर ढिले आहेत. सिग्नलला दाबून धरलं की हळूहळू खाली खाली जातं, तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय किंवा बाहेर गळती आहे. हे सर्वांत धोक्याचं लक्षण मानतो, कारण रोजच्या चालवण्यात ते जाणवत नाही आणि नेमकं गरजेच्या वेळी उघड होतं. पेडल कडक लागतं आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्युमची नळी बघा. डिझेल गाडीत व्हॅक्युम पंपही.

बूस्टर घरी तपासता येतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडंसं खाली सरकलं तर बूस्टर ठीक आहे.

हळूहळू खाली जाणारं किंवा एकदम कडक झालेलं पेडल असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टोइंग घ्या. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर ते याच वेळी वापरायचं.

१०. चालत्या गाडीत ब्रेक लागलाच नाही तर?

पेडलवर पूर्ण जोर लावा. गाडीची ब्रेक लाइन दोन स्वतंत्र भागांत असते. एक भाग गेला तर पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, पण दुसरा भाग काम करतो. पुष्कळजण पेडल खोल गेलं की घाबरून पाय काढतात. काढू नका. काहीच लागत नसेल तर भराभर पंप करा. सोबत एकेक करून गिअर खाली घ्या. हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो थोडा-थोडा ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. इंजिन बंद करू नका (कारण प्रश्न ७ मध्ये). घाटात शेवटचा मार्ग म्हणजे डोंगराच्या बाजूच्या गटाराला किंवा भिंतीला गाडी घासत नेणं. दरीकडे नाही.

११. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला खेचते.

आधी चारही टायरची हवा तपासा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं. नाहीतर एका बाजूचा कॅलिपर अडकलाय, त्याच्या पिना सुकल्यात, रबरी पाइप आतून फुगलाय किंवा लायनरवर ऑइल आलंय. दहा-पंधरा मिनिटं चालवून थांबल्यावर चाकांजवळ हात न्या, स्पर्श करू नका. एक चाक त्याच्या जोडीदारापेक्षा फार गरम वाटलं तर तिथला ब्रेक ओढतोय. मायलेज अचानक कमी झालं असेल तर त्याचंही कारण हेच असू शकतं.

१२. ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही डिस्क बदला. खरं का?

खरं असू शकतं, पण मोजल्याशिवाय नाही. ब्रेक न मारताही ठरावीक वेगाला थरथर येत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग बघायचं. फक्त ब्रेकला येत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही.

प्रत्येक डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मेकॅनिकला मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजायला सांगा. लेथवर घेऊन सारखी केल्यानंतरही ती किमान जाडीच्या वर राहणार असेल तर लेथचं काम चालतं. खाली जाणार असेल तर डिस्क बदलायची, आणि एका ॲक्सलच्या दोन्ही बदलायच्या. नवे पॅड घालताना दरवेळी लेथ मारायची गरज नसते.

डिस्क नवी टाकून काही महिन्यांत पुन्हा थरथर आली, तर चाकाचे नट कसे आवळले ते विचारा. हवेच्या गनने वेडेवाकडे आवळलेले नट डिस्कला कलतं बसवतात. टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना) समोरासमोरच्या क्रमाने आवळायला हवेत.

१३. डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागलाय.

लाल दिवा म्हणजे हँडब्रेक ओढलेला आहे, ऑइलची पातळी कमी आहे किंवा ब्रेकच्या यंत्रणेत बिघाड आहे. हँडब्रेक सोडूनही विझत नसेल तर थांबा. पिवळा एबीएसचा दिवा एकटाच लागला असेल तर साधा ब्रेक लागतो, एबीएस मात्र मिळणार नाही. हळू चालवत गॅरेजला जाता येतं. दोन्ही एकदम लागले तर जाऊ नका.

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं आणि घर्रघर्र आवाज येतो. तो बिघाड नाही, एबीएस काम करतंय. पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टिअरिंग वळवा. एबीएसमुळे वळवण्याचा ताबा राहतो. खडीवर किंवा सैल मातीवर थांबण्याचं अंतर त्याने कमी होईलच असं नाही.

१४. पाण्यातून गाडी गेल्यावर ब्रेक लागत नाही. आणि पावसाळ्यात मागची चाकं जाम होतात.

पाण्यातून बाहेर आल्यावर मागे कुणी नाही ना बघा आणि हळू चालवत ब्रेक हलका दाबत काही अंतर जा. उष्णतेने तो सुकतो. ड्रमला वेळ जास्त लागतो.

चाक जाम होणं हा ओल्या हवेत हँडब्रेक ओढून गाडी दिवसेंदिवस उभी ठेवल्याचा परिणाम आहे. लायनर ड्रमला चिकटतो. सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा आणि हँडब्रेक सोडा. चिकटलंच तर ॲक्सिलरेटर देऊन हिसके मारू नका, लायनर पट्टीवरून उखडतो. हलकं पुढे-मागे करून पाहा, नाहीतर मेकॅनिकला ड्रम ठोकून सोडवू द्या.

१५. कंपनीचं सर्व्हिस सेंटर बरं की ओळखीचं गॅरेज?

पॅड, लायनर, ऑइल, व्हील सिलिंडर ही कामं चांगलं गॅरेज उत्तम करतं. एबीएसचा मॉड्यूल, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक, इलेक्ट्रिक गाडी यांना त्या गाडीचा स्कॅनर असलेली जागा हवी. पॅड-लायनर झिजणारे भाग असल्याने सहसा वॉरंटीत येतच नाहीत. पण गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काम करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

बाहेरच्या गॅरेजला सुटे भाग मिळण्याचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढेही गेला होता. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड लावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. ग्राहकाला गॅरेज निवडण्याचा पर्याय खरोखर मिळावा, हा त्या प्रकरणाचा गाभा होता.

गॅरेज निवडताना पाटीपेक्षा हत्यारं बघा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरतात की स्टँड लावतात? जाडी मोजायचं व्हर्निअर आहे का? कॅलिपर ब्रेक पाइपला लोंबकळत सोडतात की तारेने बांधतात? अर्धा तास तिथे उभं राहिलात तरी माणूस कळतो.

१६. गाडी देताना काय बोलावं, म्हणजे फसवणूक होणार नाही?

लक्षण सांगा, उपाय सांगू नका. ‘पॅड बदला’ म्हणालात तर पॅड बदलले जातील आणि मूळ दोष तसाच राहील. ‘साठच्या वेगाला ब्रेक मारला की गाडी डावीकडे जाते’ असं सांगा आणि शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा.

मग सरळ म्हणा: ‘दादा, चारही चाकं खोलून पॅड-लायनरची जाडी लिहून द्या. जे बदलायचं ते आधी फोन करून विचारा. जुने पार्ट डिकीत ठेवा.’ यात अविश्वास नाही. चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतं, कारण त्यालाही नंतरची कटकट नको असते. जॉब कार्डवर किलोमीटर, तक्रार आणि अंदाजे खर्च लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

१७. ‘आत्ता नाही बदललं तर ब्रेक फेल होईल’ असं सांगतात. काय करू?

आकडा विचारा आणि भाग दाखवायला सांगा. ऑइलची गळती, पाइपला तडा, लोखंडावर आलेला पॅड, खाली जाणारं पेडल, यांत खरंच थांबायचं नसतं. ५ मिलिमीटरचा पॅड मात्र पुढच्या सर्व्हिसपर्यंत जातो. फक्त मध्ये लांबचा घाटाचा प्रवास असेल तर तो आधी बदललेला बरा. शंका असेल तर केलेल्या तपासणीचे पैसे द्या आणि दुसरीकडे दाखवा. तपासणीचे पैसे देण्यात कंजुषी करू नका. माणसाने चाकं खोलली आहेत, त्याची मेहनत झाली आहे.

बिलात ‘ब्रेक सर्व्हिस’ असं मोघम लिहिलेलं असेल तर त्यात काय केलं ते विचारा. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं, मागचं ॲडजस्टमेंट करणं हे खरं काम आहे. बाहेरून स्प्रे मारणं नाही.

१८. पॅड ओरिजिनल आहेत हे कसं ओळखायचं?

सुटे, खोक्याशिवायचे पॅड घेऊच नका. खोकं सीलबंद हवं, त्यावर पार्ट नंबर, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता हवा. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. गाडीच्या कंपनीचं नाव छापलेलंच खोकं पाहिजे असं नाही. त्याच कंपनीला माल पुरवणाऱ्या नामांकित उत्पादकाचे पॅड अधिकृत वितरकाकडून घेतले तर तेही चांगले. एमआरपीच्या निम्म्या किमतीत ‘सेम क्वालिटी’ कुणी देऊ केली तर नको म्हणा. पॅड नेहमी ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकत्र बदलतात.

१९. नवे पॅड टाकले आणि ब्रेक आधीपेक्षा कमी लागतोय!

पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर लागतात. तोवर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा आणि लगेच घाटात जाऊ नका. गॅरेजमधून निघण्याआधी उभ्या गाडीत पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करून घ्या. काम करताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला दाब रिकामा जातो. तीनशे किलोमीटरनंतरही फरक नसेल तर परत दाखवा.

२०. पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी लागेल’ म्हणतात.

बिल मागणं हा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या गॅरेजलाही साधं बिल देता येतं आणि द्यावं लागतं. त्यात त्याने जीएसटी लावायचा नसतो. नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक बिलावर हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा दर १८ टक्के आहे आणि मजुरीवरही १८ टक्के. जुना २८ टक्के दर दिसला तर विचारा.

२१. काम बिघडवलं आणि गाडीही अडवून ठेवली आहे. दाद कुठे मागू?

केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिराला दिलेला आहे. त्यामुळे गेटवर भांडून उपयोग नाही. बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असं लिहा, पैसे शक्यतो ऑनलाइन भरा आणि गाडी ताब्यात घ्या. ब्रेकच नीट नसेल तर टो करून न्या.

नंतर दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या. फोटो आणि जुने पार्ट जपून ठेवा. पहिल्या गॅरेजला लेखी तक्रार देऊन दुरुस्तीची एक संधी द्या. उपयोग झाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तुम्ही राहता किंवा काम करता तिथेही तक्रार दाखल करता येते, ऑनलाइनही होते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘ब्रेक खराब केले’ एवढ्यावर भागत नाही, आकड्यांसह लेखी पुरावा लागतो. प्रश्न १६ मधलं जॉब कार्ड इथे कामी येतं.

२२. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीचे मागचे पॅड साध्या गॅरेजमध्ये बदलू का?

त्यांना सर्व्हिस मोड माहीत असेल तरच. या गाड्यांत मोटर पिस्टनला आतून धरून ठेवते. आधी ती मागे घ्यावी लागते, काही गाड्यांत स्कॅनरने, काहींत बटणांच्या क्रमाने. तसं न करता क्लॅम्पने पिस्टन ढकलला तर मोटर किंवा कॅलिपर तुटतो आणि काही हजारांचं काम बरंच महागात पडतं. गाडी टेकवण्याआधी विचारा: ‘सर्व्हिस मोडला कशी घेणार?’ उत्तर अडखळलं तर गाडी वळवा.

२३. मी परदेशात असतो. गाडी पुण्यात सहा-सहा महिने उभी असते. आल्यावर लगेच चालवू का?

लगेच कोकणात घेऊन जाऊ नका. आधी गाडीखाली, चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का पाहा. ब्रेक ऑइलची पातळी बघा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा. चाकांजवळची एबीएस सेन्सरची वायर त्यांच्या तावडीत सहज सापडते. पेडल दाबून मिनिटभर धरा, खाली जायला नको. मग सोसायटीच्या आतच ताशी दहाच्या वेगाने ब्रेक मारून पाहा. पहिल्या दिवशी खरखर येईल, डिस्कवर गंज असेल. पंधरा-वीस किलोमीटर शहरात चालवूनही ती गेली नाही किंवा डिस्कवर खोल खड्डे दिसत असतील तर प्रश्न १२ प्रमाणे मोजून घ्या. ब्रेक ऑइलची मुदत वर्षांनी मोजतात, गाडी चालली नाही म्हणून ती वाढत नाही. परत जाताना घरच्यांना सांगून ठेवा की पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढून सात-आठ किलोमीटर फिरवायची, आणि परत लावताना हँडब्रेक ओढायचा नाही.